दगडाबाईच्या गाडीतला दिवा

दगडाबाईच्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा बसायचं नाव काढत नसे. गाडी वाईट नव्हती. उलट १९९८ साली कोपरीतच काय, अख्ख्या ठाण्यात तसल्या गाड्या शोधाव्या लागत. परदेशी बनावटीची, लांबलचक. कार्बुरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनने सुटायचं, आणि ते केव्हा किती सोडायचं हे ठरवायला आत एक कॉम्प्युटर. दगडाबाईच्या नवऱ्याने, दामाजीने, खाडीकाठची जमीन सरकारात गेली तेव्हा मिळालेल्या पैशांत ती गाडी हौसेने घेतली, बायकोला चालवायला शिकवली, आणि एका दुपारी जेवता जेवता छातीत कळ येऊन तो गेला. मग दगडाबाईने काय करावं? ज्या डिकीत साहेबलोक सुटकेसा ठेवतात त्या डिकीत तिने मासळीचे टब ठेवले. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा आणि डोंबिवली-कल्याणच्या बाजारात नेऊन टाकायचा. ड्रायव्हर वगैरे काही नाही. हातभर बांगड्या, अंबाड्यात अबोलीची वेणी आणि अनवाणी पाय क्लचवर. ट्रॅफिकचे हवालदारसुद्धा शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहायचे.

टबांमधलं बर्फाचं खारट पाणी डिकीच्या तळातून झिरपत चासीत उतरतंय, हे मात्र त्या बयेच्या गावीही नव्हतं. नवरात्रात मासळीचा धंदा बसतो. ती सवड साधून, मागून करकर आवाज कसला येतो ते दाखवायला ती गाडी घेऊन नामाच्या गॅरेजवर आली.

नामा तिच्या बहिणीचा मुलगा. खाडीत मासा राहिला नाही तेव्हा त्याने जाळं सोडून वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला होता. कोपरीत स्टेशनच्या अलीकडे त्याचं पत्र्याचं गॅरेज. तो गाडीखाली शिरला आणि त्याने मागच्या चासीवर हलकेच हातोडी मारली. हातोडी आत गेली. चासीला भोक पडलं आणि गंजाचा चुरा त्याच्या तोंडावर सांडला. नामा तसाच पडून राहिला. ही बाई रोज हायवेवरून कशावर बसून जात होती, ते त्याला आता दिसलं.

"मावशी, तू ही गाडी चालवत होतीस?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

"मंग काय ढकलीत व्हते?"

चासी कापून नवा पत्रा वेल्डिंग करायचा, हे ठरलं. खंडेनवमीला गॅरेजमधल्या हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी मशीन चालत नाही, म्हणून काम अष्टमीलाच उरकायला हवं होतं. दसऱ्यानंतर लोक मासळीवर तुटून पडतात. तोवर गाडी दारात हवी, ही दगडाबाईची अट.

आता सीतारामबद्दल सांगायला हवं. नामाचा भागीदार सीताराम हा गाड्यांच्या वायरिंगचा माणूस. कोपरीच्याच चाळीतला, बौद्ध, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा आणि जिभेला हाड नसलेला. दोघांनी मिळून गॅरेज काढलं तेव्हा सुरुवातीलाच एका टेम्पोची बॉडी जोडताना बॅटरी लावलेलीच राहिली आणि वेल्डिंगच्या करंटने आल्टरनेटर जळाला. तेव्हापासून दोघांचा एक कायदा होता. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं टर्मिनल सीतारामने काढायचं आणि ज्या दहा नंबरच्या पान्याने काढलं तो पाना शर्टाच्या खिशात टाकायचा. गॅरेजात तो पाना एकच, तो खिशात असेपर्यंत टर्मिनल कुणी लावूच शकत नाही. नामाने होल्डर उचलण्यापूर्वी सीतारामच्या खिशाकडे एक नजर टाकायची, बस. विचारायचं नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

अष्टमीला सकाळी सीताराम पाना घेऊन पुढे झाला तशी दगडाबाईने त्याला अडवलं. गाडीच्या डॅशबोर्डवर एकवीरा आईची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढे लाल काचेचा वाटाण्याएवढा दिवा. तो कायम जळता असे.

"बॅटरी कारली तं आईचा दिवा विझंल. नवरात्र हाय, बाबा."

"मावशी, देवीलाही जरा सुट्टी द्या की," सीताराम म्हणाला. "इतके दिवस एका जागी बसून कंटाळली असेल."

टपरीवाला पंढरी चहाचे ग्लास घेऊन आला होता, तो हसला. नामाही हसला. दगडाबाई हसली नाही. हो-ना करता करता ती कबूल झाली, पण दिवा विझताना मी बघणार नाही म्हणत पदर खोचून घरी निघून गेली. सीतारामने बॉनेट उघडलं, टर्मिनल काढून त्याला फडकं गुंडाळलं, पाना खिशात टाकला आणि तो वर्तकनगरला गेला. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं आणि बरोबर येणारी मंडळी तिकडे जमणार होती.

नामाने पेट्रोलची टाकी उतरवली, कुजलेली चासी कापून काढली, नवा पत्रा बसवला, अर्थिंगचा चिमटा लावला. मग पुढच्या सीटखालची चटई उचलून ठेवावी, ठिणगी नको उडायला, म्हणून त्याने पुढचं दार उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला.

दिवा जळत होता.

त्याला वाटलं सीताराम विसरला. तो पुढे गेला. बॉनेट वर उचललेलंच होतं. टर्मिनल फडक्यात गुंडाळून बाजूला लोंबत होतं, बॅटरीपासून चांगलं वीतभर लांब. तो परत आला. दिवा जळतच होता, शांत, लालभडक. त्याने पंढरीला हाक मारली. पंढरीने टर्मिनल बघितलं, दिवा बघितला आणि पायातल्या चपला काढल्या.

बातमी पसरायला कोपरीत वेळ लागत नाही. घटकाभरात दगडाबाई दोन बायकांना घेऊन हजर झाली. तिला मुळीच धक्का बसला नव्हता. दामाजी गेल्यानंतर एकदा पहाटे काळोखात शीळफाट्याजवळ खड्ड्यात आपटून तिची गाडी मेली होती. स्टार्टर नाही, हेडलाइट नाही, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फक्त आईचा दिवा तेवढा जळत होता. उजाडेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली. सकाळी एका ट्रकवाल्याने बॅटरीचं सुटलेलं टर्मिनल आवळून दिलं. ही गोष्ट तिने आजवर सगळ्या बाजाराला सांगितली होती आणि सगळ्यांनी मान डोलावून ती सोडून दिली होती. आज ती गोष्ट चार माणसांच्या डोळ्यांपुढे उभी होती.

"मी बोललेली, का नाय?" ती म्हणाली.

सीतारामला विचारावं, असं नामाच्या मनात आलं. आलं आणि त्याने ते ढकलून दिलं. जो माणूस सकाळी देवीला सुट्टी द्यायला निघाला होता त्याला काय विचारायचं? आणि खरं सांगायचं तर त्याला विचारायचं नव्हतंच. जन्मात एकदा असं काही डोळ्यांना दिसतं, ते कुणी वायर धरून समजावून सांगावं अशी कुणाची इच्छा असते? त्याने उदबत्ती लावली, हात जोडले आणि गाडीखाली शिरून रॉड टेकवला. दिवा जळत असताना त्याने सगळी चासी जोडली. दुपारी तो बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं, आयुष्यात इतकी सरळ शिवण आपल्या हातून कधी पडली नव्हती.

ऊन उतरायच्या सुमाराला सीताराम परतला. टाकी चढवून झाली होती. त्याने खिशातून पाना काढला, टर्मिनल आवळलं आणि चावी फिरवली. स्टार्टर फिरला. इंजिनाने साधं खोकूनही दाखवलं नाही. पुन्हा चावी, पुन्हा तेच. मग त्याने नाक फेंदारून वास घेतला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि जेवणाच्या डब्याएवढी एक चपटी डबी काढून उघडली. आतल्या हिरव्या पट्टीवर एक काळा डाग होता. जळक्या प्लॅस्टिकचा वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"कॉम्प्युटर गेला," सीताराम म्हणाला, आणि त्याचा स्वतःच्या शब्दांवर विश्वास बसेना. "पण मी टर्मिनल काढलेला."

दगडाबाई बॉनेटजवळ उभी होती. दसऱ्यानंतरचा सगळा बाजार तिच्या डोळ्यांपुढून गेला असणार. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"आईनं तिचा दिवा राखला आनि गाडी नेली. सकाली याच्या तोंडून जे निंगालं त्याचं हे हाय. नामा, या मानसाचा हात माझ्या गाडीला परत लागता कामा नये."

"दिवा राखला म्हणजे?" सीतारामने नामाकडे बघितलं. "कुठला दिवा?"

नामाने मूर्तीकडे बोट दाखवलं. "तू टर्मिनल काढलेला. मी बघितला. तरी जळत होता."

सीतारामने हातातली डबी खाली ठेवली. "दिवा जळत होता, आणि तू वेल्डिंग केलंस?"

"देवीचा होता रे."

"नाम्या, दिवा जळतोय म्हणजे करंट आहे. पोराला पण कळतं. मला बोलवायचं नाही? वर्तकनगर काय दुबईत आहे?" तो थांबला. पंढरी, त्या दोन बायका, दगडाबाई, सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कुणाच्याही नजरेत इंजिनाचा विचार नव्हता. "की तुला पण असंच वाटतं? माझ्या तोंडामुळे झालं?"

नाही, एवढा एक शब्द बोलायला नामाला काय लागत होतं? त्याने पत्र्याचे तुकडे पायाने सारखे केले आणि खाली बघत राहिला. सीताराम थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग त्याने दहाचा पाना वेल्डिंगच्या मशीनवर ठेवला आणि मागे न बघता निघून गेला. तो पाना तिथे ठेवलेला नामाने याआधी कधीच बघितला नव्हता. भांडणं दोघांची पुष्कळ झाली होती, पण हे भांडण नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी नामाने पाटावर हत्यारं मांडली. हातोडी, छिन्नी, होल्डर, पाने. दहाचा पानाही त्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि त्याचे हात पुढे चालेनात. दरवर्षी सीताराम पूजेला लांब स्टुलावर बसून पेढ्याची वाट बघायचा. "झाली का तुझ्या मशीनची आंघोळ?" असं विचारायचा. स्टूल रिकामं होतं.

तेवढ्यात तो आला. खांद्याला नागपूरची बॅग, हातात टेस्टर. नामाशी तो बोलला नाही. बॅग खाली ठेवून सरळ गाडीत शिरला.

"दिव्याची वायर कुठे जाते तेवढी बघतो आणि जातो," आतून आवाज आला. "नाहीतर मला नागपूरच्या गाडीत झोप लागणार नाही."

मूर्तीला त्याने हात लावला नाही. मागून वायर धरली आणि तिचा माग काढत गेला. पुढे वायरीला दोन फाटे फुटले होते. एक टेपरेकॉर्डरमागे गाडीच्या मोठ्या वायरिंगला जोडलेला, दुसरा चटईखालून ड्रायव्हरच्या सीटखाली. सीताराम पुटपुटत बाहेर आला, पाने घेऊन त्याने सीट उचकटली आणि खाली बसला.

सीटखाली, ऑइलच्या कापलेल्या डब्यात, स्कूटरची एक छोटी बॅटरी होती.

"ही बघ तुझी एकवीरा," सीताराम म्हणाला. आवाजात हसू होतं आणि ते चांगलं नव्हतं. "मोठी बॅटरी सुटली तरी हिचा करंट या वायरीतून सगळ्या गाडीत फिरतो. स्टार्टर, हेडलाइट नाही ओढत एवढ्या बारीक वायरीवर. पण दिवा जळतो. कॉम्प्युटरपण जागा राहतो. त्यात तुझं वेल्डिंग. शीळफाट्याला पण हेच. आणि वेल्डिंगआधी त्या कॉम्प्युटरच्या डबीचं सॉकेटच मी काढून ठेवायला पाहिजे होतं, ती माझी चूक. पण देवीबिवी काही नाही, कळलं?"

सॉकेट काढायचं असतं हे तेव्हा ठाण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नामाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो त्या डब्याकडे बघत होता. डबा सीटच्या लोखंडाला जाळ्याच्या दोऱ्याने बांधला होता. वायरीसुद्धा ठिकठिकाणी त्याच दोऱ्याने आवळल्या होत्या, आणि प्रत्येक गाठ उलटी होती. जाळं विणणाऱ्याची गाठ उजवीकडून येते. कोपरीच्या सगळ्या कोळीवाड्यात एकच माणूस डावखुरा होता आणि त्याच्या गाठी अशा उलट्या बसायच्या. लहानपणी नामा त्याच्याकडून जाळं विणायला शिकला, ते उलटंच शिकला, आणि घरी त्याबद्दल मार खाल्ला होता.

"सीताराम," तो म्हणाला. "हे दामाजी काकांनी बांधलंय."

दामाजी. सगळा कोळीवाडा कार्ल्याचा गड चढून एकवीरेला जायचा तेव्हा जो पायथ्याशी बिडी ओढत बसून राहायचा. दगडाबाई रडली, भांडली, तरी जन्मात त्याने वर पाऊल टाकलं नाही. त्या माणसाने देवीचा दिवा विझू नये म्हणून चोरून सीटखाली बॅटरी बांधावी?

"झाक ते," तो एकदम म्हणाला. "सीट लाव. मावशीला हे कळायला नको."

"झाकू?" सीताराम उठून उभा राहिला. "काल चार माणसांत मी देवी कोपवली असं ठरलं आणि तू मातीकडे बघत होतास. आज मला सापडलं तर झाकू?"

पूजेचा नारळ घेऊन दगडाबाई दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय झाकताव?"

सीतारामने पहिलं वाक्य तयार ठेवलं होतं. रात्रभर घोळवलं असणार. "मावशी, तुमची गाडी देवीने नेली नाही. ही बॅटरी होती खाली. दिवा हिच्यावर जळत होता. हे बघा." त्याने मोठ्या बॅटरीचं टर्मिनल पकडीने हिसकून काढलं, मग वाकून सीटखालची वायर उपटली.

दिवा विझला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवीची मूर्ती नुसती पितळेची दिसली. दगडाबाईच्या हातातला नारळ खाली पडला आणि गडगडत गाडीखाली गेला. सीतारामचा विजय तिच्या चेहऱ्याकडे बघून तिथल्या तिथे ओसरला. वायर हातात धरून तो चोरासारखा उभा राहिला.

ती पुढे आली आणि गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली. डबा बघितला. मग एका गाठीवर बोट ठेवलं, दुसरीवर ठेवलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच गाठींच्या जाळ्यावर तिचा संसार झाला होता.

"हे कवा केलान त्यानं?"

"गाडी घेतली तेव्हाच, मावशी," नामा म्हणाला. "दोरा जुना आहे."

"मना बोलला नाय."

पंढरी टपरीवरचा स्टोव्ह पेटताच सोडून दारात येऊन उभा राहिला होता.

"शीलफाट्याला दिवा बघून मना एकाच गोष्टीचं नवल वाटलेलं," ती गाठीशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आईला कलला कसा? मी कालोखाला भिते. लहानपनापासून भिते. धा जनांना बाजारात शिव्या घालनारी बाई कालोखाला भिते, हे सांगू कुनाला? आईलासुदा कधी सांगितला नाय, लाज वाटं. फकस्त याला सांगितलेला. लगीन झाला तवा."

नामाला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. दामाजी देवीला मानत नव्हता, ते खरंच होतं. त्याने बॅटरी देवीसाठी बांधलीच नव्हती.

दगडाबाईने मान वर केली आणि सीतारामकडे बघितलं. काल काय बोलली ते तिच्या लक्षात होतं, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"तूच लाव ती वायर," ती म्हणाली. "तुझा हात लागू दे."

उपटताना त्या छोट्या बॅटरीचा नटही सैल झाला होता. त्याला दहाचाच पाना लागत होता. नामाने पाटावरचा पाना उचलला, कुंकू लागलेला तसाच, आणि पुढे केला.

"काल मी बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"पाहिजे होतं," सीताराम म्हणाला. त्याने पाना घेतला, वायर जोडून नट आवळला. मग पाना हातात फिरवून बघितला, शर्टाच्या खिशात टाकला आणि नागपूरची बॅग खांद्याला लावली. नामाने त्या खिशाकडे एक नजर टाकली. विचारलं काही नाही.

दिवा पुन्हा लागला होता. सवयीने पंढरीचे हात जुळले. दगडाबाईने हात जोडले नाहीत. डोक्यावरून पदर घेतला, सारखा केला आणि दिव्याकडे रागाने बघत म्हणाली,

"मना सांगितला असतास तं तुझा काय जात व्हता?"